सहा आठवड्यांचा हिशेब

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यांवर वाशिम जिल्ह्यातील कितीतरी मजूर बायांचे वर्ष उभे असते. अशा एखादीचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला, तर घराला त्याची किंमत किती पडते? प्रश्न निष्ठुर वाटेल. पण तो न विचारल्याने ती किंमत चुकत नाही.

बाळंतपणाचा असा हिशेब कायद्यात यायलाही वेळ लागला. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने बाळंतिणीला रजा व भरपाई देण्याचा करार केला. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले विधेयक मात्र मंजूर झाले नाही. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये कायदा केला. आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना, हा भार बव्हंशी सरकारने उचलावा, असे सांगितले होते.

१९६१ च्या केंद्रीय कायद्याने गर्भ पडलेल्या स्त्रीलाही सहा आठवडे भरपगारी रजा दिली. आजार उद्भवल्यास आणखी एक महिना. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सहा आठवडे कायम आहेत.

विश्रांती का लागते, हे वर्गात आकड्यांनी सांगता येईल. निरोगी स्त्रीच्या ३०० मिलिलिटर रक्तात सुमारे १५० मिलिग्रॅम लोह असते. अन्नातून रोज शोषले जाते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम, आणि तेही बहुतेक रोजच्या झिजेत जाते. म्हणजे लोहाच्या गोळ्यांशिवाय ही तूट भरायला कित्येक महिने लागतील. मुळातच रक्त कमी असेल, तर विचारायलाच नको.

पण हा कायदा कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक नोकरांच्या दुकानांसाठी होता. दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाणारी बाई त्यात बसली नाही. २०१७ ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना तिच्यापर्यंत पोचते. पण गर्भ पडल्यास लाभ पुढच्या गर्भारपणासाठी राहतो. आज बुडालेली मजुरी बुडालेलीच.

२०२१ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखमालेने ब्रिटनपुरता गर्भपाताचा अल्पकालीन खर्च वर्षाला ४७ कोटी १० लाख पौंड काढला. आपल्याला एवढे मोठे गणित नको. गावातील स्त्रीमजुरीचा दर घ्यावा, त्याला ४२ ने गुणावे. तालुक्याच्या गावी जाण्यायेण्याचे भाडे, सोनोग्राफी, औषधे मिळवावीत. बेरीज फळ्यावर आली, की कायद्याच्या बाहेर काय राहिले ते मुलांना सांगावे लागणार नाही.