न पाहिलेल्या गेंड्याचं चित्र

बालवाडीच्या भिंतीवरचा प्राण्यांचा तक्ता आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. एका चौकोनात ससा, शेजारच्या तेवढ्याच चौकोनात हत्ती. मग जिराफ, सिंह, झेब्रा, गेंडा. ‘सफारी’च्या खेळण्यांच्या डब्यात तर या आफ्रिकी मंडळींबरोबर कधीकधी पट्टेरी वाघही निघतो, आफ्रिकेच्या रानात वाघ नसतो, हे डबा भरणाऱ्याच्या गावीही नसतं. (सफारी हा स्वाहिली शब्द मूळ अरबीतून आला आहे, आपला ‘सफर’ही तिथलाच.) तीन-चार वर्षांच्या मुलाची या प्राण्यांशी पहिली भेट होते ती चित्रातून. ती किती घट्ट बसते हे पाहण्यासाठी आपण एका चित्राचा इतिहास पाहू या. त्याची सुरुवात गोव्यात होते.

१५१४ साली गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याने दीवला किल्ला बांधण्याची परवानगी मागायला गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाकडे वकील पाठवले. परवानगी मिळाली नाही, पण नजराणे मिळाले. त्यात एक जिवंत गेंडा होता. आल्बुकर्कने तो जहाजावर चढवून राजा मॅन्युएलकडे रवाना केला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलाच नव्हता.

गेंडा आणि हत्ती हे जन्माचे वैरी, असं प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं होतं. राजाने ते पडताळून पाहायचं ठरवलं. ३ जूनला दोघांना समोरासमोर आणलं. हत्ती पळून गेला, आणि ग्रंथातलं वचन खरं ठरलं असं सर्वांनी मानलं! गर्दीने आणि गोंगाटाने हत्ती बुजला असेल, ही शंका कोणी घेतली नाही. एकाच प्रयोगावरून निष्कर्ष काढण्याचा हा नमुना वर्गात सांगण्याजोगा आहे.

पुढे राजाने हा गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात बुडालं. साखळदंडाने बांधलेला गेंडाही त्याबरोबर बुडाला.

दरम्यान त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला पोचलं होतं. त्यावरून आल्ब्रेख्ट ड्यूरर या चित्रकाराने १५१५ मध्येच लाकडी ठशाचं चित्र केलं. गेंडा त्याने स्वतः पाहिला नव्हता. कातडीच्या घड्यांच्या जागी चिलखताचे पत्रे आले, पायांवर खवले आले आणि मानेमागे, खांद्यांच्या वर, एक जादा छोटं शिंग उगवलं. चित्र मात्र इतकं ठसठशीत होतं की सर्वांनी तेच उचललं. १५५१ पासून निघालेल्या गेस्नरच्या प्रसिद्ध प्राणिग्रंथातही तेच आलं. पुढची दोनशे वर्षं युरोपचा गेंडा म्हणजे ड्यूररचा गेंडा.

याच न्यूरेंबर्गमध्ये १६५८ साली कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाचं ‘ऑर्बिस पिक्टस’ प्रसिद्ध झालं. मुलांसाठीचं पहिलं सचित्र पाठ्यपुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. आधी वस्तू इंद्रियांना भेटू द्या, शब्द मागून येईल. वस्तू आणता येत नसेल तर तिचं चित्र दाखवा, हे त्याचं सूत्र. आपले तक्ते याच सूत्राचे वारस आहेत. पण त्या पुस्तकातल्या रानटी जनावरांच्या पाठात रानडुक्कर आणि सशाच्या पंगतीला एकशिंगी घोडाही बसला आहे! चित्र काढणाऱ्याने तो पाहिला नव्हता, कारण तसा प्राणीच नाही. मुलाला मात्र ससा आणि एकशिंगी सारखेच खरे.

ड्यूररचा गेंडा मागे पडला तो दुसऱ्या गेंड्यामुळे. बंगालमधून १७४१ साली हॉलंडला नेलेली ‘क्लारा’ ही मादी सतरा वर्षं युरोपभर फिरवली गेली. हजारोंनी तिला पाहिलं. १७४९ मध्ये पॅरिसला ऊद्रीने प्रत्यक्ष पाहून तिचं चित्र काढलं, आणि ते जादा शिंग गळून पडलं. अर्थात क्लाराचं सारं आयुष्य त्यात खर्ची पडलं.

आज गेंडा बघायला कोणाला असं ओढत न्यायला नको. प्रत्यक्ष रानात घेतलेली छायाचित्रं आहेत. तरीही तक्त्यातला चौकोन आपल्याला फसवतो. म्हणून एक साधी गोष्ट करून पाहू या. शाळेच्या अंगणात खडूने भारतीय गेंडा खऱ्या मापाचा काढू: खांद्यापाशी सुमारे पावणेदोन मीटर. जिराफ आडवाच काढावा लागेल. मोठा नर पाच मीटरांहून उंच भरतो. शेजारी ससा काढू. मग एकेका मुलाला त्यांच्या बाजूला झोपवून त्याचीही रेघ मारू. आणि कोणी विचारलंच, “बाई, तुम्ही पाहिलाय का खराखुरा?” तर “नाही, पण ज्यांनी पाहिला आणि मोजला, त्यांच्याकडून मला कळलं,” असं सरळ सांगू. ड्यूररच्या चित्रावर विश्वास ठेवणाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला असता, तर ते शिंग दोनशे वर्षं टिकलं नसतं.