बंगळूरची लिबरेटर विमाने

सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. 1943 पासून तो अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात होता. तेथे दुसऱ्या महायुद्धातील पूर्वेकडील आघाडीवरच्या विमानांची दुरुस्ती होत असे, त्यांत चार इंजिनांची बी-24 लिबरेटर बॉम्बफेकी विमानेही असत.

ऑगस्ट 1945 मध्ये युद्ध संपले. मग अमेरिकेच्या उसनवार (लेंड-लीज) करारातून ब्रिटिशांना मिळालेली लिबरेटर विमाने कानपूरजवळ चकेरीला मोडीत निघाली. ती पुन्हा उडू नयेत म्हणून त्यांची मोडतोड करण्यात आली, इंजिनांत वाळूही ओतली गेली.

स्वतंत्र भारताकडे जड बॉम्बफेकी विमाने नव्हती. बंगळूरच्या तंत्रज्ञांनी या भंगारातून निवडक विमाने उड्डाणापुरती सावरली. वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला आणली आणि तेथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. नोव्हेंबर 1948 मध्ये भारतीय हवाई दलाच्या 5 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळाली. पुढे 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने त्यांतून सागरी टेहळणी केली. 1968 मध्ये ती निवृत्त झाली.