सत्याला बोलता आलं पाहिजे

वक्तृत्व म्हटलं की आपल्याला आवाज, हातवारे, पाठांतर आठवतं. शाळेतल्या स्पर्धांनी लावलेली ती सवय. पण या विद्येच्या मूळ संज्ञांमागे खरा प्रश्न होता न्यायाचा.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकातलं अथेन्स डोळ्यांसमोर आणा. तिथे आजच्यासारखे वकील नव्हते. फिर्यादी आणि आरोपी, दोघांनी स्वतःच बोलायचं. फार तर लिसियससारख्या लेखकाकडून भाषण लिहून घ्यायचं. समोर शेकडो नागरिक न्यायाधीश म्हणून बसलेले. वेळ मोजायला भांड्यातून झिरपणारं पाणी. ते संपलं की बोलणं संपलं. मग आपसांत विचारविनिमय न करता थेट मतदान.

अशाच सभेपुढे इ. स. पू. ३९९ मध्ये ७० वर्षांचा सॉक्रेटिस उभा राहिला. मुलांना पुढे आणून दयेची याचना करायची, ही तिथली नेहमीची युक्ती. त्यानं ती नाकारली. प्लेटोच्या वृत्तांतानुसार ३० मतं फिरली असती तर तो सुटला असता. पुढे ‘गॉर्जियस’ या संवादात प्लेटोनं एक दाखला दिला: लहान मुलांच्या न्यायसभेत आचाऱ्यानं वैद्यावर खटला भरला, तर निकाल कुणाकडे लागेल? कडू औषध देणाऱ्याकडे नक्कीच नाही. म्हणून वक्तृत्व ही विद्याच नव्हे, ती खुशामत, असं त्याचं मत.

आता त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल काय म्हणतो बघा. सत्य आणि न्याय स्वभावतःच बलवान आहेत. तरीही ते हरले, तर दोष त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा. मग त्यानं पटवण्याची तीन साधनं वेगळी करून दाखवली. ‘लोगोस’ म्हणजे युक्तिवाद. ‘पॅथोस’ म्हणजे श्रोत्यांची मनःस्थिती. रागावलेला माणूस आणि शांत माणूस एकच निर्णय देत नाहीत. आणि ‘ईथोस’ म्हणजे वक्त्याचं शील. इथे एक बारकावा आहे. हे शील वक्त्याच्या आधीच्या कीर्तीतून नव्हे, तर त्याच्या त्या वेळच्या बोलण्यातूनच दिसलं पाहिजे, असं तो म्हणतो. नुसतं मोठं नाव पुरेसं नाही.

हाच पेच आपल्याकडे न्यायसूत्रांपुढेही होता. तिथे चर्चेचे तीन प्रकार आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं खोडत राहणं म्हणजे वितंडा. आपला ‘वितंडवाद’ तिथलाच. गंमत म्हणजे शेवटचे दोन्ही सूत्रकारानं सरसकट निषिद्ध ठरवले नाहीत. कोवळ्या कोंभांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे ते सत्याच्या रक्षणासाठी वापरावेत, असं तो सांगतो.

मला स्वतःला प्लेटोची भीती खरी वाटते आणि ॲरिस्टॉटलचं उत्तरही. भीती खरी, कारण गोड बोलणाऱ्याच्या मागे आपण आजही जातो. पण म्हणून चांगल्या माणसानं गप्प बसायचं ठरवलं, तर सभा आचाऱ्याच्याच ताब्यात जाते.

तेव्हा या संज्ञा जितक्या बोलणाऱ्याच्या, तितक्याच ऐकणाऱ्याच्या. पुढचं भाषण ऐकताना स्वतःला विचारा: मला आत्ता काय पटलं? युक्तिवाद, माझाच राग, की त्याचं नाव? माझं हे व्याख्यानही त्याच कसोटीवर तपासा.