पाय काढला की गाडी बंद! कार्बुरेटरच्या जुन्या कारचा स्लो बिघडला तर काय तपासावे?

रामनवमीला मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. ऊन चाळिशीच्या घरात असते. अशा रांगेत जुनी मारुती ८०० अडकली की तिचे खरे दुखणे बाहेर येते. मोकळ्या रस्त्यावर ती झकास पळत असते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आचके देते आणि बंद पडते. मग चालक एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर ठेवून कशीबशी गाडी पुढे नेतो.

यालाच गॅरेजच्या भाषेत ‘स्लो धरत नाही’ म्हणतात. यावर बहुतेक वेळा पहिला उपाय होतो तो म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बुरेटरचा स्क्रू फिरवणे. नेमकी इथेच चूक होते. स्क्रू हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी चार-पाच गोष्टी तपासाव्या लागतात.

कोणत्या गाड्यांना ही अडचण येते?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्या, प्रीमियर पद्मिनी, पेट्रोलवरची ॲम्बेसेडर, जुनी ओम्नी आणि जुनी जिप्सी या सगळ्या कार्बुरेटरच्या. २००० सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कारमध्ये एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी इंजिने आली.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्यामुळे जिल्ह्यातल्या अशा अनेक जुन्या गाड्यांवर आजही वाशिमचा एमएच ३७ नव्हे, तर अकोल्याचा एमएच ३० क्रमांक दिसतो.

वेगात ठीक, मग उभी असताना का बंद पडते?

कार्बुरेटरमध्ये पेट्रोलच्या दोन वाटा असतात. गाडी वेगात असते तेव्हा हवेचा झोत मोठा असतो आणि पेट्रोल मेन जेटमधून ओढले जाते. पाय काढल्यावर हवेची झडप जवळजवळ मिटते. तेव्हा इंजिन केवळ स्लो जेटच्या बारीकशा छिद्रातून येणाऱ्या पेट्रोलवर चालते. हे छिद्र मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही लहान असते. धुळीचा एक कण किंवा सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा ते बंद करायला पुरेसा असतो.

म्हणून पळणारी गाडी ‘कार्बुरेटर चांगला आहे’ याची खात्री देत नाही. मेन जेट स्वच्छ असला तरी स्लो जेट तुंबलेला असू शकतो.

लक्षणावरून अंदाज

- थंड असताना बंद, गरम झाल्यावर ठीक: चोक नीट लागत नाही.
- फक्त स्लोला बंद, वेगात उत्तम: स्लो जेट तुंबला आहे. ज्या कार्बुरेटरवर पेट्रोल बंद करणारा सोलेनॉइड असतो, तिथे त्याची वायर निघालेली असू शकते. चावी ऑन केल्यावर त्यातून ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे.
- रेस आपोआप वर-खाली होते: कुठून तरी जादा हवा शिरते आहे.
- रेस खूप चढलेली राहते: ॲक्सिलरेटरची केबल अडकली आहे, चोक अर्धवट ओढलेला आहे किंवा हवा गळते आहे.
- काळा धूर, पेट्रोलचा वास: एअर फिल्टर तुंबला आहे, चोक अडकला आहे किंवा फ्लोटची सुई बसत नसल्याने पेट्रोल ओव्हरफ्लो होते आहे.
- फक्त कडक उन्हात, गर्दीत बंद: तापलेल्या पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते आहे.

तपासणीचा क्रम

१. एअर फिल्टर. सोयाबीन-कापसाच्या हंगामात शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिसिंगची तारीख येण्याआधीच भरतो. तो उघडून पाहावा.

२. स्पार्क. प्लग काढून टोकाचा रंग पाहावा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे आणि पांढरट असेल तर कमी. पॉइंटच्या गाड्यांत पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंगही पाहावे. कार्बुरेटरवर येणारे अनेक आळ मुळात झिजलेल्या पॉइंटचे असतात.

३. हवेची गळती. व्हॅक्यूमचे रबरी पाइप कडक होऊन तडकतात. इंजिन चालू ठेवून पाइपांच्या जोडांवर आणि कार्बुरेटरच्या बुडाशी साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरांवर पाणी जाऊ देऊ नये. या कामाला पेट्रोल तर कधीच वापरू नये, कारण तापलेल्या इंजिनवर ते पेट घेते.

४. पेट्रोलचा पुरवठा. फिल्टर, पंप आणि फ्लोट तपासावेत. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीतले जुने पेट्रोल काढून टाकावे.

५. स्लो जेट. तो काढून कार्बुरेटर क्लीनरने धुवावा आणि कॉम्प्रेसरची हवा मारावी. तार किंवा पिन घालू नये. जेट पितळेचा असतो, त्याचे छिद्र मोठे झाले की सेटिंग कधीच जुळत नाही.

आता स्क्रू

इंजिन पूर्ण गरम, चोक बंद, दिवे आणि एसी बंद. मिक्स्चर स्क्रू आधी आत किती वेढे जातो ते मोजून लिहून ठेवावे, म्हणजे चुकले तर मूळ जागेवर परत येता येते. आत नेताना तो दाबून आवळू नये, टोक खराब होते.

आधी स्लोच्या स्क्रूने इंजिनचे फेरे मिनिटाला साधारण ८०० ते ९०० वर आणावेत. अचूक आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मग मिक्स्चर स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत सुरळीत चालेल ती जागा शोधावी आणि फेरे वाढले असतील तर स्लोचा स्क्रू पुन्हा जुळवावा. काही गाड्यांत मिक्स्चर स्क्रूवर टोपी बसवून तो सील केलेला असतो. तिथे हे काम गॅरेजवर सोपवावे.

यानंतर पीयूसी करून घेणे चांगले. ही चाचणी स्लोवरच होते. बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आकडा त्याहून वर गेला तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा ते नीट जळत नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्या वेळीही हे उपयोगी पडते.

इथेनॉलमुळे काय बदलले?

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ई-२० ला साधारण साडेतेरा भाग पुरते. नव्या गाड्यांतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बुरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि त्याचा परिणाम स्लोवर जाणवू शकतो. वरच्या पद्धतीने मिक्स्चर जुळवले की यातला बराचसा फरक भरून निघतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि टाकीतला जुना चिकटा सोडवून फिल्टरपर्यंत आणते. ते हवेतली ओलही शोषते. म्हणून पेट्रोलचे जुने पाइप इथेनॉलला चालणाऱ्या पाइपांनी बदलावेत. इंजिनवर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण. वास येत असेल तर गाडी चालवू नये.

कारागीर कुठे मिळेल?

नव्या कारच्या वर्कशॉपमध्ये कार्बुरेटर क्वचितच येतो. पण बीएस-६ नियम लागू होईपर्यंत, म्हणजे एप्रिल २०२० पर्यंत, देशातल्या बहुतेक दुचाकी कार्बुरेटरच्याच होत्या. त्यामुळे तालुक्याच्या गावातला दुचाकीचा अनुभवी मेकॅनिक जेट व्यवस्थित साफ करू शकतो. पॉइंट आणि टायमिंगसाठी मात्र जुन्या कारचा माणूसच गाठावा.

शेवटी एक खबरदारी. इंजिन चालू ठेवून सेटिंग करायचे असेल तर गाडी उघड्यावर घ्यावी. बंद शेडमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तो जीव घेऊ शकतो.