कुंडीतल्या निवडुंगाला पाणी किती? एका आंबट पानाची जुनी हकिकत



अंगणातल्या कुंडीत हौसेनं लावलेला फड्या निवडुंग पावसाळ्यात बुडाशी सडतो, आणि आपण पावसाला बोल लावतो. पण पाऊस या झाडाला नवा नाही. ते मूळचं अमेरिकेतलं. मेक्सिकोच्या पठारावर याच्या कितीतरी जाती वाढतात, आणि तिथंही मुख्य पाऊस आपल्यासारखाच जून ते सप्टेंबर पडतो. मात्र तिकडचे उतार खडकाळ, मुरमाड; पाणी आलं तसं निघून जातं. कुंडीत ते कोंडतं.

हे झाड थोड्या पाण्यावर जगतं कसं? 1804 साली जिनिव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञानं लिहून ठेवलं की निवडुंगाच्या फड्या रात्री हवा ओढून घेतात. पुढचा धागा सापडला आपल्याकडे. कंपनी सरकारच्या नोकरीतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी हिंदुस्थानात पानफुटीची पानं चाखून पाहिली. सकाळी पान चांगलं आंबट, दुपारी बेचव! ही नवलाई त्यांनी 1813 साली पत्रानं कळवली आणि 1815 मध्ये लंडनला ती छापली गेली. पानफुटी काही निवडुंगाच्या कुळातली नव्हे, पण दोघांची रीत एकच. (तुम्हीही चाखून पाहा, मात्र जिभेला लावून थुंकून टाका. बांधावरच्या तीनधारी निवडुंगावर हा प्रयोग नको. त्याचा चीक वाईट.)

या आंबटपणाचा नीट उलगडा व्हायला विसावं शतक उजाडलं. रात्रीच्या गारव्यात झाड आपली बारीक छिद्रं उघडतं, हवेतला कर्बवायू घेऊन त्याचं आम्ल करून ठेवतं. दिवसा छिद्रं मिटून त्याच साठ्यावर अन्न तयार करतं. भर उन्हात दारं बंद, म्हणून पाणी फारसं उडून जात नाही. आता ज्याचा खर्चच कमी, त्याला रोज तांब्याभर पाणी घातलं, तर ते मातीतच राहणार. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

तेव्हा वार ठरवून पाणी देऊ नका. कुंडीत काडी खोल खुपसा. कोरडी निघाली तरच भरपूर पाणी द्या, तळातून वाहू द्या. थंडीत महिनाभर दिलं नाही तरी बहुधा चालतं. माती निम्मी, बाकी जाड वाळू आणि विटांचा चुरा घाला. तळाचं भोक मोकळं हवं, कुंडीखाली ताटली नको. देशावरचा पाऊस असा झाड उघड्यावर सोसतं. कोकणातल्या झडीत मात्र वळचणीला घ्या, पण पागोळ्यांच्या धारेखाली नको.

बूड मऊ पडलंच, तर वरची निरोगी फडी स्वच्छ सुरीनं कापा. आठवडाभर सावलीत ठेवून जखम सुकली की कोरड्या वाळूत उभी करा. मुळं धरेपर्यंत पाण्याची घाई नको.