विनियर चढविणे
प्लायवुड किंवा एमडीएफवर अस्सल लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटविण्याची क्रिया. शोभिवंत विनियर साधारण ०.५ मिमी. जाड असते. सनमायका हा राळेत भिजविलेल्या कागदांचा दाबून केलेला थर, तर विनियर म्हणजे खरे लाकूड.

साधने : लहान घरातही कटर, पोलादी पट्टी, ब्रश, पॉलिशपेपर आणि इस्त्री एवढ्यावर काम भागते. फेविकॉल हा गोंद यासाठी चालतो.

कृती : फळी घासून पुसावी. विनियर चारी बाजूंनी थोडे मोठे कापावे. फळी व विनियर यांच्या जोडायच्या पृष्ठांवर गोंद लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत सुकू द्यावा. मग सुती कापड ठेवून, वाफ न वापरता, गरम इस्त्री मध्यापासून कडांकडे दाबत न्यावी. थंड झाल्यावर वाढीव कड कापावी.

दोष : नखाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, तर तिथे फुगा आहे. लाकडाच्या रेषांच्या दिशेने ब्लेडने चीर देऊन गोंद भरावा व पुन्हा इस्त्री फिरवावी. सुट्या फळीच्या एकाच बाजूला विनियर लावल्यास ती वाकते. पावसाळी दमट हवेत गोंद सुकायला वेळ लागतो.