घर शाकारायचे दिवस

मागच्या आठवड्यात नणंदबाईंचा भाईंदरहून फोन आला. गावच्या घराची मागची पडवी गळते आहे, तुमच्याकडे कोणी मिस्त्री आहे का, आणि नसेल तर घर विकूनच टाकावं का, असे दोन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडची जी कुटुंबं मुंबईला किंवा पनवेलला गेली, त्या सगळ्यांकडे हे दोन प्रश्न असेच जोडीने येतात. मी त्यांना एका माणसाचा नंबर दिला. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं, की आपल्या किनाऱ्यावर घर दुरुस्त करायला माणूस बोलावणं ही गोष्ट केवढी जुनी आहे आणि तिच्यात धर्माचा प्रश्न कसा कायम लपलेला आहे. म्हणून हा लेख.

शाकारणी हा शब्द आमच्या मुलांना माहीत नाही. स्लॅबच्या घरात वाढलेल्यांना कसा असेल? शाकारायचं म्हणजे पावसाआधी छपरावरची कौलं उतरवायची, झाडायची, फुटलेली बाजूला काढायची, वासे-रिपा ठोकून बघायच्या आणि सगळी कौलं पुन्हा बसवायची. माझ्या सासूबाई सांगतात, की त्यांच्या लग्नानंतर कितीतरी वर्षं अक्षय तृतीया झाली की डोंगराकडच्या वाडीवरून ठरलेली दोन माणसं स्वतःहून यायची. आदल्या वर्षीच्या मजुरीची बोलणी पुन्हा करावी लागत नसत. पैसे, दोन वेळचं जेवण आणि जाताना थोडे तांदूळ. करार असा कधी कागदावर आलाच नाही.

त्याच्याही आधी इथल्या साध्या घरांवर कौल नव्हतं. भाताचा पेंढा, गवत, नारळाची झापं. कौल आलं ते आधी नळीचं. कुंभार चाकावर नळी काढायचा, ओली असतानाच उभी चिरायचा, की दोन कौलं तयार. ती नुसती एकावर एक उलटी-सुलटी ठेवलेली असत. मांजर धावलं, कावळ्याने चोच घातली की सरकायची. दरवर्षी शाकारावं लागायचं ते यामुळेच.

मंगलोरी कौलाची गोष्ट वेगळी. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने तो उभा केला. धर्म बदलल्यावर ज्यांचा पारंपरिक धंदा सुटला होता, घरदार सुटलं होतं, अशांना काम द्यावं हा त्यामागचा एक हेतू होता. साच्यात दाबून काढलेलं, खाचेत खाच बसणारं हे चपटं कौल समुद्रमार्गे मुंबईपर्यंत आणि कोकणच्या बंदरांत पोचलं. एका कौलाचं वजन साधारण अडीच किलो. खिळा नाही, चुना नाही, ते स्वतःच्या वजनावर आणि शेजारच्या आधारावर बसतं. शेजाऱ्याच्या आधाराने बसणारी वस्तू आमच्या आळीला फार मानवली, असं माझे सासरे म्हणायचे.

आमच्या घराची कौलं त्यांच्या आजोबांनी घेतलेली. ते गोडवाडमधून, म्हणजे राजस्थानातल्या पाली जिल्ह्याच्या भागातून, हातात एक पेटी घेऊन आलेले. किराण्याचं दुकान आधी, घर नंतर, हा आपल्या लोकांचा नेहमीचा क्रम. दुकानाच्या वर माळा, मागे माजघर, त्यामागे विहीर. माणूस वाळवंटाच्या कडेवरून आलेला, त्याला पहिल्या पावसात छप्पर कसं वाटलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

आपण या किनाऱ्यावर येत होतो, तेव्हा इथले काही जण निघून जात होते. अलिबागेत इस्राईल आळी आहे आणि तिथलं सिनेगॉग मागेन आबोथ १८४८चं. बेने इस्राईल लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. अठराव्या शतकापासून त्यांची घरं मुंबईला हलू लागली. तिथे ते पलटणीत गेले, सुतार झाले, गवंडी झाले, पुढे कारकून झाले. जाताना गाव आडनावात घेऊन गेले: दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधवलं आणि त्यांच्या नावाची सॅम्युएल स्ट्रीट मशीद बंदराजवळ अजून आहे. पुढे १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. माणसं गेली की घराचं आधी काय जातं? भिंती वर्षानुवर्षं उभ्या राहतात, दारं राहतात. आधी कौल सरकतं. एक कौल सरकलं की पाणी वाशावर, वाशाला वाळवी, आणि मग आढं खाली बसतं. सुट्टीच्या एका दिवसाचा हिशेब सोडला तर त्यांचं आणि आपलं या बाबतीत फार वेगळं नाही. आमच्या आळीतली चार घरं आज अशीच कुलूपबंद आहेत. चारही घरचे लोक भाईंदरला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ भर दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वारा. मृग चार दिवसांवर, टाळेबंदी चालू, आणि त्या वर्षी कुणाचीच शाकारणी झालेली नव्हती. वारा उतरत्या छपरावरून वेगाने जातो तेव्हा तो छप्पर दाबत नाही, वर खेचतो, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. माजघरात बसून आम्ही नवकार म्हणत होतो आणि डोक्यावरची कौलं पानांसारखी उचलली जात होती. समोरच्यांचे सिमेंटचे पत्रे तर अख्खेच्या अख्खे गेले. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. वीज किती तरी गावांत आठवडे आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला एकच माणूस हवा होता, छपरावर चढणारा. बाहेरचे कारागीर मे महिन्यातच श्रमिक गाड्यांनी उत्तर प्रदेश, बिहारकडे परतलेले. पत्र्याचे भाव रोज बदलत होते. आम्ही तालुक्याच्या एका कंत्राटदाराला पत्र्यांसाठी विसार दिला. तो माप घेऊन गेला, तो गेलाच. नंतर कळलं, की मांडव्याकडच्या बंगल्यांची कामं त्याने आधी धरली होती. त्याला दोष तरी किती द्यायचा? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट त्याच मार्चमध्ये सुरू झाली होती. ज्यांना शनिवार-रविवारपुरतं छप्पर लागतं त्यांचे पैसे आमच्यापेक्षा जास्त आणि रोख असतात. (विसार परत मिळायला दिवाळी उजाडली.)

आमच्यापुढे आणखी एक मुदत होती, जी त्या कंत्राटदाराला समजावणं कठीण होतं. ४ जुलैला आषाढी चौमासी चौदस. त्यानंतर आपल्याकडे छप्पर उघडायचं नाही, खोदकाम नाही, रंगकाम नाही, कारण पावसात जीवांची उत्पत्ती वाढते. ओल्या कौलावर शेवाळ धरलं की ती अनंतकाय, तिच्यावर पाय द्यायचा नाही. म्हणून तर आपल्या आज्या वैशाखातच अंगण, मोरी, गच्ची कोरडी करून चुना मारून घेत. त्यात २०२० मध्ये अधिक आश्विन, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा. एका महिन्यात घर झाकलं नाही, तर थेट कार्तिकी पौर्णिमेपर्यंत थांबायचं.

शेवटी वाडीवरचाच माणूस आला. पूर्वी शाकारायला यायचा त्याचा मुलगा, आता स्वतः साठीचा. बरोबर दोन भाचे. सासूबाईंनी त्याला एकच अट घातली: प्रत्येक कौल उतरवायच्या आधी मऊ झाडणीने हळूच झाडायचं आणि खाली जे चालताना दिसेल त्याला भिंतीच्या आडोशाला जाऊ द्यायचं. तो हसला. म्हणाला, "माझा बा सांगायचा, त्या घरी काम निम्मं नि झाडणं निम्मं." पाली, गोमी, दोन विंचू, कोळ्यांची असंख्य अंडी. कौलांखाली एवढं मोठं गाव वसलेलं असतं, हे घरात राहणाऱ्यांना कुठे माहीत असतं.

आणि मग आढ्याच्या पूर्वेकडच्या टोकाला वाळवी निघाली. लाकूड वरून शाबूत, आत बोट जाईल एवढं पोकळ. भाचा म्हणाला, औषध मारू, दोन दिवसांत साफ. माझे पती गप्प राहिले. मुलगा म्हणाला, "आपण मारत नाही ना, तो मारेल." 

तो पंधरा वर्षांचा होता, त्याने ते सहज म्हटलं. मला मात्र ते लागलं, कारण कंत्राट देण्यामागे आपल्या सगळ्यांच्या मनात हेच असतं. आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं हे तिन्ही मोजलं जातं. श्रावक अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात बसतो तेव्हा पापाचं काम करणं आणि दुसऱ्याकडून करवून घेणं, दोन्ही सोडतो. साधू तिसरंही सोडतात, आणि जन्मभरासाठी. म्हणजे माणूस लावून करवलं की आपण सुटलो, ही पळवाट शास्त्राने फार पूर्वीच बंद केली आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत, कर्मादानांत, पहिलाच धंदा भट्टीचा: कोळसा पाडणं, विटा-कौलं भाजणं. तरी आपल्या डोक्यावर भाजलेलंच कौल. भट्टी आपण लावली नाही, पण कौल विकत घेतलं.

इथे मला नेहमी एक शब्द आठवतो. मराठीचा जुन्यात जुना लेख म्हणून आपल्या अलिबागजवळच्या आक्षीच्या शिळेचं नाव घेतात, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ ची, तिच्यावर एका दानाची नोंद आहे. दुसरं नाव घेतात ते श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या ओळींचं. ते तीर्थ दिगंबरांचं, आम्ही श्वेतांबर, पण बाहुबली दोघांचे. मूर्ती चामुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवली, भोवतीचा परकोट गंगराजाने बाराव्या शतकात बांधला. दोघांच्याही नावापुढे दगडावर शब्द आहे तो "करवियले". केले असं नाही, करवियले. पाथरवटाचं नाव त्या ओळीत नाही. पुण्य करवणाऱ्याच्या खात्यात घालायला आपली भाषा हजार वर्षांपूर्वी तयार होती. तर मग वाळवीच्या औषधाचं खातं भाच्याच्या नावाने कसं लिहायचं?

मी हे सगळं मुलाला त्या दिवशी सांगितलं नाही. वर पाऊस भरून आला होता आणि आढं उघडं होतं. सासूबाई म्हणाल्या, पोकळ भाग कापून काढा. सुताराने तीन हात तुकडा करवतीने कापला. तो न जाळता, न झटकता, दोघांनी आडवा धरून ओढ्याकाठच्या मोडक्या फणसाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. करवतीखाली किती गेले असतील ते गेलेच. जयणा म्हणजे शून्य हिंसा असं कुणी समजू नये. जेवढं टाळता येतं तेवढं टाळायचं आणि उरलेल्याचं मिच्छामि दुक्कडम् मागायचं. नवा तुकडा कुठून आणायचा हा प्रश्न शेजारच्या कुलूपबंद घराने सोडवला. त्यांचं मागचं पाखं वादळात बसलं होतं. भाईंदरला फोन केला, ते म्हणाले, सागाचे वासे घेऊन जा, आम्ही काही आता परत येत नाही. पैसे घ्यायला तयार नव्हते. त्यांच्या नावाने पांजरपोळाला दिले.

कौलं मात्र पुरली नाहीत. फुटलेल्यांच्या जागी तशीच मिळेनात. काही उलटून पाहिली तर पाठीवर बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हे साल उठवलेलं होतं. सासऱ्यांचे आजोबा इंग्रजी वाचत नसत. आपण मिशनऱ्यांच्या कौलांखाली देरासरजीची चांदी ठेवतो आहोत हे त्यांना कधी कळलं असेल का, कोण जाणे. ती शाबूत कौलं आम्ही माजघरावर आणि देवघरावर लावली.

३ जुलैला संध्याकाळी काम थांबवलं. पूर्वेकडच्या पडवीवर अडीचशे कौलांएवढी जागा उघडी राहिली. तिच्यावर निळं प्लास्टिक बांधलं आणि दुसऱ्या दिवशी चौमासी प्रतिक्रमण घरीच केलं, उपाश्रय बंदच होते. पाच महिने ते प्लास्टिक वाऱ्याने फडफडत राहिलं. भाद्रपदात ते एकदा फाटलं, तेव्हा वाडीवरचा माणूस विचारायला आला की चढू का. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि कार्तिकी पौर्णिमेनंतरचा दिवस सांगितला. तोवर खाली दोन पातेली आणि एक बादली ठेवली होती. बादलीतलं पाणी गाळूनच झाडांना घालायचं, ही जबाबदारी मुलाने घेतली.